नेटवर्क स्कॅनमध्ये निम्मी मशिनं दिसतच नाहीत? टूलला हात लावायच्या आधी हे करून बघा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मला इन्व्हेंटरीचं, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांची यादी बनवायचं, काम दिलं तेव्हा सरांनी एका वाक्यात समजावलं होतं, टूल टाक, आयपी रेंज दे, संध्याकाळी लिस्ट मेल कर. दुपारी स्कॅन लावला, खाली जाऊन चहा मारून आलो आणि बघतो तर १८६ ॲड्रेस (आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते) सापडलेले पण पूर्ण माहिती फक्त ७१ मशिनांची. बाकीच्यांपुढे कुठे ॲक्सेस डिनाइड, कुठे आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल, आणि बरेचसे तर नुसते आयपी, ना नाव ना गाव. मग मी तेच केलं जे सगळे नवखे करतात, टूलची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसलो. टाइमआउट वाढवला, थ्रेड कमी केले, टूल काढून परत टाकलं, शेवटी दुसरंच टूल आणलं. तीन दिवसांनी आकडा ७१ चा ७४ झाला.

टूल बिचारं खरंच बोलत होतं, समोरचं दार बंद आहे म्हणून. लॅनस्वीपर घ्या, ओपन-ऑडिट घ्या, आणखी काही घ्या, विंडोज मशीनवर एजंट (मशीनवरून माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) न टाकता माहिती काढायची तर बहुतेक सगळे डब्ल्यूएमआय, म्हणजे मशीनची माहिती देणारी विंडोजची सोय, तिच्याच दारावर जातात. त्यामुळे टूल बदलून काही होत नाही. एक बिघडलेलं मशीन निवडायचं आणि खालून वर एकेक पायरी तपासत जायचं, मशीन चालू आहे का, रेंजमध्ये आहे का, नाव बरोबर आयपीला जातंय का, पोर्ट (मशीनमध्ये शिरायचं नंबरवालं दार) उघडा आहे का, लॉगिन चालतंय का, आणि मग डब्ल्यूएमआय स्वतः धड आहे का. एक मशीन सुटलं की त्याच्यासारखी वीस सुटतात. खाली त्याच क्रमाने लिहिलंय.

हे काम सध्या जिकडेतिकडे निघालंय कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रत्येक मालकाला विचारायचंय की आपली किती मशिनं विंडोज ११ ला चालतील. तेव्हा लिस्ट चुकली तर खरेदीचा आकडा चुकणार, आणि बोलणी कोण खाणार ते सांगायला नको.

(कमांड इथे मराठी अक्षरात लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

सुरू करायच्या आधी हे हाताशी ठेवा

- परवानगीचा मेल. तोंडी नको. स्कॅन करणारं मशीन आणि हल्ला करणारं मशीन नेटवर्कवर सारखंच दिसतं, अँटीव्हायरसवाले आणि फायरवॉल सांभाळणारा व्हेंडर दोघेही फोन करतात. आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, त्यामुळे क्लायंटच्या ऑफिसात काम करत असाल तर हा मेल प्रिंट काढून ठेवा.
- अकाउंट्सकडची कॉम्प्युटर खरेदीची यादी. जुनी असेल, चुकीची असेल, तरी घ्या.
- कुठल्या मजल्यावर कुठली आयपी रेंज, कुठलं व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे केलेले वेगळे भाग), ते लिहिलेला कागद. नसेल तर स्विच आणि डीएचसीपी सर्व्हरचं (मशिनांना आयपी वाटणारा) लॉगिन.
- स्कॅनसाठी वेगळं अकाउंट. स्वतःचं अकाउंट वापरू नका, का ते सातव्या पायरीत येईल.
- टेस्टला एक लॅपटॉप, एक लांब लॅन वायर, आणि वही. हो, वही.

१. आधी पायी मोजा

हे कोणी सांगत नाही आणि सांगितलं तर हसतात. पण तुमच्या ऑफिसात खरे कॉम्प्युटर किती हे माहीत नसेल तर स्कॅनने दिलेला आकडा कमी आहे की जास्त हे कशावरून ठरवणार? मी वही घेऊन टेबलाटेबलावर फिरलो, वागळेत १४२ निघाले आणि आमच्या तुर्भेच्या गोडाऊनला २३. खरेदीच्या यादीत १९० होते, म्हणजे पंचवीस कुठेतरी भंगारात गेलेले पण कागदावर जिवंत. आणि स्कॅनमधले १८६ ॲड्रेस? त्यात प्रिंटर, कॅमेरे, पंच मशीन आणि वायफायवर आलेले लोकांचे मोबाइल. म्हणजे तीन आकडे आणि तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

फिरताना प्रत्येक मशीनसमोर चार गोष्टी लिहा: कॉम्प्युटरचं नाव, सिरीयल नंबरचा स्टिकर, कोण वापरतं, आणि वायरवर आहे की वायफायवर. शेवटची गोष्ट मी आधी लिहिली नव्हती आणि त्यासाठी परत सगळा मजला फिरलो.

२. रेंज

स्कॅनमध्ये १९२.१६८.१.० स्लॅश २४ टाकलं की २५४ ॲड्रेस बघितले जातात, बस. दुसऱ्या मजल्यावर नवीन स्विच लावताना व्हेंडरने १९२.१६८.२ ची रेंज दिली असेल तर तो अख्खा मजला टूलच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, आणि एररही येणार नाही, ही यातली वाईट गोष्ट. एरर आलेलं मशीन निदान दिसतं तरी. डीएचसीपी सर्व्हर उघडून जेवढे स्कोप (वाटायच्या आयपी रेंज) आहेत तेवढे सगळे टूलमध्ये आहेत का ते मिळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आमचं तुर्भे असंच राहिलं होतं. ते व्हीपीएनने जोडलेलं, रेंज १९२.१६८.१०. रेंज टाकल्यावर मशिनं दिसायला लागली पण निम्म्यांचं स्कॅन मध्येच तुटायचं, कारण व्हीपीएनच्या दोन टोकांना दोन फायरवॉल आणि मध्ये लाइन हळू. अशा वेळी इथून तिथलं स्कॅन करण्यापेक्षा तिथेच एक छोटं स्कॅनिंग मशीन ठेवा आणि निकाल तेवढा इकडे मागवा, बहुतेक टूलमध्ये ही सोय असते. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून दोनदा तुर्भ्याला गेलो तेव्हा ही अक्कल आली.

३. पिंग येत नाही म्हणजे मशीन बंद आहे असं नाही

बरीच टूल आधी पिंग करतात आणि उत्तर नाही आलं की मशीन बंद समजून पुढे जातात. पण विंडोजचं फायरवॉल डिफॉल्टमध्ये पिंगला उत्तरच देत नाही, खास करून नेटवर्क पब्लिक म्हणून सेट असेल तर. म्हणजे माणूस समोर बसून टॅली चालवतोय आणि टूल म्हणतंय ऑफलाइन.

दोन उपाय. एक, फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगच्या गटातला एको रिक्वेस्टचा नियम चालू करा. दुसरा, टूलमध्ये पिंग न करता थेट स्कॅन करायचा पर्याय असतो तो निवडा, वेळ जास्त लागतो पण खरं चित्र येतं. पहिल्या स्कॅनला मी दुसराच करतो.

४. नाव एकाचं, आयपी दुसऱ्याचा

हा माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला प्रकार, म्हणून जरा सविस्तर.

सेल्सच्या एका मॅडमचा लॅपटॉप सकाळी वायरवर असतो, दुपारी मीटिंग रूममध्ये वायफायवर. दर वेळी आयपी वेगळा. डीएनएसमध्ये (कुठल्या नावाचा कुठला आयपी ती यादी) जुनी नोंद तशीच राहते आणि तो जुना आयपी डीएचसीपी दुसऱ्याच कोणाला तरी देऊन मोकळा होतो. आता टूल मॅडमच्या लॅपटॉपचं नाव घेऊन निघतं आणि जाऊन पोचतं स्टोअरच्या मशीनवर. लॉगिन फेल होतं, तुम्ही बसता पासवर्ड तपासत. पासवर्डचा काही संबंधच नाही.

तपासायचं कसं: कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप आणि मशीनचं नाव टाका, जो आयपी येईल तो लिहून घ्या. मग एनबीटीस्टॅट, डॅश, कॅपिटल ए आणि तो आयपी. जे नाव परत येतं ते तुम्ही विचारलेलंच आहे का बघा. वेगळं आलं तर रोग सापडला. काहीच आलं नाही तर त्या मशीनवर नेटबायोस (मशीनचं नाव सांगणारी जुनी सोय) बंद असेल, मग डीएचसीपीच्या लीजमध्ये तो आयपी कोणाच्या नावावर आहे ते बघा.

इलाज म्हणजे डीएनएस सर्व्हरवर स्कॅव्हेंजिंग चालू करणं, म्हणजे शिळ्या नोंदी आपोआप झाडून काढणं. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरवर हे डिफॉल्ट बंद असतं, कित्येक ऑफिसात सर्व्हर बसवल्यापासून कोणी चालूच केलेलं नसतं. चालू केलं की डिफॉल्टमध्ये ७ अधिक ७ दिवस नोंद ताजी झाली नाही तरच ती निघते, त्यामुळे आज टिक केलं आणि उद्या सगळं साफ असं होणार नाही. आणि आधी सर्व्हर, प्रिंटर वगैरेंच्या नोंदी स्टॅटिक आहेत याची खात्री करा, नाहीतर झाडूत त्यापण जातील.

५. पोर्ट

पिंग झालं, नाव बरोबर, तरी आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल येतंय, कोडच्या शेवटी ०६बीए असतं. याचा अर्थ दार बंद आहे. लॉगिनपर्यंत गाडी पोचलेलीच नाही, म्हणून पासवर्डला दोष देऊ नका.

स्कॅन करणाऱ्या मशीनवरून, हे महत्त्वाचं, तुमच्या डेस्कवरून नाही, पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, मशीनचं नाव, डॅश पोर्ट १३५ असं चालवा. ट्रू आलं तर १३५ उघडा. पण इथे एक मेख आहे. १३५ हा नुसता वॉचमन आहे, तो सांगतो की अमुक नंबरच्या दारात जा, आणि ते दार ४९१५२ ते ६५५३५ यांच्यामधलं कुठलंही असू शकतं. त्यामुळे दोन मजल्यांच्या मध्ये किंवा व्हीपीएनवर फायरवॉल असेल आणि तिथे फक्त १३५ उघडला असेल तर टेस्ट पास आणि स्कॅन फेल. फायरवॉलच्या व्हेंडरला ही सगळी रेंज उघडा म्हटलं की तो कपाळाला हात लावतो, त्याला सांगा की फक्त स्कॅनिंग सर्व्हरच्या एकाच आयपीकडून उघडायची आहे.

बाकीचे पोर्ट पटकन: ४४५ फाइल शेअरिंगचा, काही टूल त्यावरून रजिस्ट्री वाचतात. विनआरएम (लांबून मशीन सांभाळायची विंडोजची दुसरी सोय) वापरत असाल तर ५९८५, सुरक्षित वाला ५९८६. लिनक्सला एसएसएचचा २२. प्रिंटर आणि स्विचला एसएनएमपी (अशा उपकरणांना माहिती विचारायची पद्धत), यूडीपी १६१, आणि यूडीपी असल्यामुळे वरची टेस्ट त्याला चालत नाही.

६. मशीनवरचं फायरवॉल

कंट्रोल पॅनलमध्ये फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन असा एक तयार गट असतो, तो चालू केला की काम होतं. डोमेन (सगळी मशिनं एका सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर ग्रुप पॉलिसीने (त्या सर्व्हरवरून सगळ्यांना लागणारा नियम) एकदाच सगळीकडे लावा आणि त्यात रिमोट ॲड्रेस म्हणून स्कॅनिंग सर्व्हरचा आयपी टाका. फायरवॉल पूर्ण बंद करून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, स्कॅन झक्कास होतो, पण नंतर परत चालू करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

डोमेन नसेल तर नेटवर्क प्रोफाइल बघा. नवीन वायफायला जोडताना विंडोज विचारतं, माणूस काहीतरी दाबतो, आणि ऑफिसचं नेटवर्क पब्लिक होऊन बसतं. तुम्ही प्रायव्हेटला नियम लावलेला आणि मशीन पब्लिकवर, मग कसा चालेल?

आणि थर्ड पार्टी अँटीव्हायरसचं स्वतःचं फायरवॉल असतं. ते बसलं की विंडोजच्या फायरवॉलमध्ये तुम्ही काहीही करा, मालक दुसराच आहे. त्याच्या कन्सोलमधून परवानगी द्यावी लागते.

७. ॲक्सेस डिनाइड

आता दार उघडलंय पण आत घेत नाहीत. कोड ८००७०००५ किंवा ८००४१००३, दोन्हीच्या आधी शून्य-एक्स असतं. पहिल्यात विंडोजने दारातच अडवलंय, दुसऱ्यात आत घेतलं पण डब्ल्यूएमआयने त्या नेमस्पेसची (आतल्या कप्प्याची) परवानगी नाकारली.

लहान ऑफिसात जिथे डोमेन नाही, नुसता वर्कग्रुप आहे, तिथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे यूएसी, विंडोजचा ॲडमिनच्या अधिकारांवरचा लगाम. तुम्ही प्रत्येक मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं ॲडमिन अकाउंट बनवता, समोर बसून लॉगिन केलं तर ॲडमिन, पण नेटवर्कवरून आलं की विंडोज त्याची ॲडमिनगिरी काढून घेतं. मुद्दाम तसं केलेलं आहे, सुरक्षेसाठी. ते थांबवायला रजिस्ट्रीत, सॉफ्टवेअरखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम इथे लोकल-अकाउंट-टोकन-फिल्टर-पॉलिसी नावाची डीवर्ड बनवून किंमत १ द्यावी लागते, सगळं नाव सलग, मध्ये जागा नाही. पण हे करताना समजून करा, एक पासवर्ड फुटला तर सगळी मशिनं उघडी. माझं मत विचाराल तर वीसपेक्षा जास्त मशीन असतील आणि डोमेन नसेल तर या भानगडीत न पडता सरळ एजंट टाका.

डोमेन असेल तर अकाउंट मशीनच्या लोकल ॲडमिन गटात आहे का तेवढं बघा, ग्रुप पॉलिसीने जोडा. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड टूलमध्ये भरू नका, प्लीज. ते टूल दिवसभर प्रत्येक दारावर तो पासवर्ड घेऊन फिरत असतं.

आता वेगळं अकाउंट का. मी सुरुवातीला माझंच अकाउंट दिलं होतं. महिन्याने पासवर्ड बदलला, टूलमध्ये बदलायला विसरलो. रात्री स्कॅन सुरू झाला, त्याने जुना पासवर्ड घेऊन दीडशे दारं ठोठावली, आणि सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसलो तर अकाउंट लॉक. अनलॉक केलं, अर्ध्या तासात परत लॉक. कोणीतरी हॅक करतंय म्हणून मी सरांना सांगून आलो, दोघं लॉग बघत बसलो, आणि सोर्स मशीनचं नाव आलं ते माझ्याच स्कॅनिंग सर्व्हरचं. सर काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

घड्याळपण बघा. डोमेनमध्ये मशीनच्या आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की डिफॉल्टने कर्बेरोस (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) लॉगिन नाकारतं. तुर्भ्याला डिस्पॅचच्या टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप होता, कॅबिनेटवर पॅकिंगच्या पुठ्ठ्याची धूळ एवढी की पॉवर बटण बोटाने चाचपडून शोधावं लागलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात वर्ष दिसत होतं २००९. तिथल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "ते तसंच असतं, रोज सकाळी मी तारीख टाकतो, आज विसरलो." मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. सेल बदलला, वेळ लावली, स्कॅन पास. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशात सगळ्या सिस्टिमची वेळ एनटीपीने जुळवायला सांगितलीच आहे, त्यामुळे हे काम असंही करायचंच होतं.

८. काल चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं

मायक्रोसॉफ्टने डीकॉमची (ज्याच्यावरून डब्ल्यूएमआय लांबून चालतं) सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली, जून २०२१ ला सुरुवात, १४ जून २०२२ पासून डिफॉल्ट चालू, आणि १४ मार्च २०२३ पासून बंद करायची सोयच काढून टाकली. स्कॅनिंग सर्व्हर जुनाट असेल, अपडेट न केलेला, तर नवीन अपडेट झालेली मशिनं त्याला ॲक्सेस डिनाइड देतात आणि अपडेट न झालेली मात्र छान उत्तर देतात. अशी उलटी विभागणी दिसली की समजून जा. खात्रीसाठी समोरच्या मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगमध्ये १००३६ नंबरची नोंद शोधा. इलाज साधा आहे, स्कॅनिंग सर्व्हरचं विंडोज आणि टूल दोन्ही अपडेट करा. नेटवर काही लोक रजिस्ट्रीची एक की सांगतात ती आता चालत नाही, वेळ घालवू नका.

९. डब्ल्यूएमआयच आजारी असेल तर

पोर्ट उघडा, लॉगिन ठीक, तरी इनव्हॅलिड क्लास किंवा इनव्हॅलिड नेमस्पेस. त्या मशीनवर जाऊन ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये विनएमजीएमटी स्लॅश व्हेरिफाय-रिपॉझिटरी चालवा, शेवटचे दोन शब्द जोडून. कन्सिस्टंट आलं तर रिपॉझिटरीला (डब्ल्यूएमआयचा डेटाबेस) हात लावू नका. इनकन्सिस्टंट आलं तर त्याच जागी सॅल्व्हेज-रिपॉझिटरी. रिसेटवाला पर्याय अगदी शेवटी, कारण त्याने रिपॉझिटरी कोऱ्या अवस्थेत जाते आणि इतर सॉफ्टवेअरनी तिथे नोंदवलेलं त्यांचं सामान हरवू शकतं. आमच्याकडे १६५ मध्ये अशी मशिनं फक्त दोन निघाली. मी मात्र पहिल्या दिवशी इथूनच सुरुवात केली होती.

१०. स्कॅन पास, माहिती खोटी

हिरवी टिक आली म्हणजे झालं असं नाही, उलट इथे जास्त काळजी घ्या, कारण हे कोणी तपासत नाही.

असेंबल केलेल्या मशिनांचा सिरीयल नंबर बरेचदा टू बी फिल्ड बाय ओईएम किंवा डिफॉल्ट स्ट्रिंग असा येतो, मदरबोर्डवाल्याने भरलेलाच नसतो. टूल सिरीयलवरून मशीन ओळखत असेल तर अशी दहा मशिनं मिळून लिस्टमध्ये एकच दिसतं आणि रोज त्याचं नाव बदलत राहतं. टूलमध्ये ओळख मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) आणि नाव मिळून करायला सांगा, आणि मशीनवर स्वतःचा ॲसेट स्टिकर लावा.

पण नुसता मॅक ॲड्रेसही धोका देतो. पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्ट नसतं, ऑफिसात टाइप-सीची एकच लॅन डोंगल चार जण फिरवतात, आणि मॅक ॲड्रेस असतो तो डोंगलचा. झाले चार लॅपटॉप एक.

एका हार्ड डिस्कची क्लोन मारून वीस मशिनं तयार केली असतील आणि मूळ डिस्कवर एजंट आधीच टाकलेला असेल, तर वीसही एजंट एकाच ओळखीने हजेरी लावतात. क्लोन मारायच्या आधी सिसप्रेप (मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं टूल) करा आणि एजंट नंतर टाका.

विंडोज ११ चं तर वेगळंच. रजिस्ट्रीत प्रॉडक्टचं नाव अजून विंडोज १० असंच लिहिलेलं असतं. टूल तिथून वाचत असेल तर तुमची अपग्रेड झालेली मशिनं १० म्हणून दिसतात आणि तुम्ही मालकाला भलताच आकडा देता. बिल्ड नंबर बघा, २२००० आणि त्यापुढे म्हणजे ११. टीपीएमचा (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) रकाना रिकामा आला म्हणून मशिनात टीपीएम नाही असंही समजू नका, ती माहिती डब्ल्यूएमआयच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये असते आणि काही टूल तिथे जातच नाहीत. दोन-तीन मशिनांवर टीपीएम डॉट एमएससी उघडून डोळ्यांनी बघा.

आणि सॉफ्टवेअरची यादी काढायला विन३२ प्रॉडक्ट हा क्लास वापरू नका. तो नुसता विचारला तरी विंडोज एमएसआयने बसवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर तपासायला घेतं, मशीन हळू होतं, क्वचित रिपेअरही सुरू होतं. अनइन्स्टॉलची रजिस्ट्री की वाचणारा पर्याय घ्या.

११. प्रिंटर

प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर काहीही पाठवलं की तो ते छापतो, त्याचं कामच ते. मी उत्साहात सगळे पोर्ट स्कॅन लावले आणि अकाउंट्सच्या मोठ्या प्रिंटरने कागदामागून कागद काढले, प्रत्येकावर एखाददोन ओळी अगम्य अक्षरं. मॅडम ते भेंडोळं घेऊन माझ्या टेबलाशी आल्या, "हे तुझंच ना?" तर ९१०० वगळा आणि प्रिंटरला फक्त एसएनएमपीने विचारा. कम्युनिटीचं नाव (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) फॅक्टरीतून पब्लिक येतं, बदललेलं असेल तर टूलमध्ये तेच टाका, बदललेलं नसेल तर बदला.

१२. वेळ कुठली निवडायची

रात्रीचा स्कॅन लावला की निम्मी मशिनं बंद. सकाळी साडेनऊला लावला की सगळे एकदम लॉगिन करत असतात. मला सकाळी साडेअकरा जमते, आणि आठवड्यातून दोन वेगळ्या वारी, कारण आमचं गोडाऊन शुक्रवारी बंद असतं आणि मी पहिले दोन महिने दर शुक्रवारीच स्कॅन लावत होतो. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप नेटवर्क स्कॅनने कधीच धड सापडणार नाहीत, त्यांना एजंटच. ओसीएस इन्व्हेंटरी किंवा जीएलपीआयचा एजंट फुकट आहे, तो स्वतः सर्व्हरला माहिती पाठवतो, मग आत यायच्या दारांची भानगडच उरत नाही.

१३. उरलेल्यांची यादी

एवढं करून आमचे १६५ पैकी १६१ आले. राहिलेले चार मी एक्सेलमध्ये वेगळ्या शीटवर ठेवलेत आणि प्रत्येकासमोर कारण आणि तारीख. एक सरांचं स्वतःचं मॅकबुक, ज्याला हात लावायचा नाही. एक लॅपटॉप नाशिकच्या सेल्सवाल्याकडे, पुढच्या महिन्यात तो येईल तेव्हा एजंट टाकायचाय. एक स्टोअरमध्ये बंद पडून आहे, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेलेला. आणि चौथं टेस्टिंगच्या मशीनला जोडलेलं विंडोज एक्सपी, ज्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला पण त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. ते मी नेटवर्कवरूनच काढलंय, त्याची माहिती वहीतून हाताने भरली, आणि त्याच्या मॉनिटरवर चिठ्ठी लावलीय: लॅन वायर लावू नये.